बाई, तुम्ही तिकडे काय शिकवणार?

आमच्या जालन्याहून बाहेर पुष्कळ काही जाते. मोसंबी जाते, तिला तर भौगोलिक मानांकनाचा मानही मिळालेला आहे. इथल्या कारखान्यांतली सळई जाते. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी याच गावात महिको ही बियाण्यांची कंपनी काढली आणि १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तेव्हा जालन्याचे बी कुठवर रुजू शकते हे साऱ्या जगाने पाहिले. यांपैकी कशाचेच कुणाला नवल वाटत नाही. पण जालन्याची इंग्रजीची मास्तरीण परदेशी इंग्रजी शिकवायला निघाली आहे असे सांगा, ऐकणारा गृहस्थ आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहतो, मग माझ्या खांद्यावरच्या पिशवीकडे पाहतो आणि मग सावकाश विचारतो, "बाई, तुम्ही तिकडे काय शिकवणार?"

यात उपहास नसतो, हे मी शपथेवर सांगते. आमची माणसे सरळ. त्यांचा हिशेब इतकाच, की मोसंबी जालन्यात पिकते म्हणून जालन्याची मोसंबी घ्यावी. इंग्रजी काही जालन्यात पिकत नाही. शेजारच्या काकूंनी तर याहून पुढचे विचारले. "कामून जाता बाई एवढ्या लांब? इथली पोरं सगळी शिकून झाली का?"

काकूंना उत्तर देणे सोपे नव्हते. १९९८ च्या जूनमध्ये मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत इंग्रजीची शिक्षिका म्हणून लागले. आठवी ते दहावी, एकेका वर्गात साठ-साठ मुले, अशी सत्तावीस वर्षे झाली. आज माझे वय एक्कावन्न. अठ्ठावन्नाव्या वर्षी शाळा हार घालून घरी पाठवणार हे ठरलेले. पण मला परदेशी जायचे आहे ते मुलांना शिकवायला नव्हे. मला मोठ्या माणसांना शिकवायचे आहे, आणि त्याचे कारण गांधी चमनजवळच्या एका दुकानावरच्या माडीत आहे.

त्या माडीवर २०११ सालापासून मी संध्याकाळचा वर्ग घेते. तिथे सळईच्या कारखान्यातले कारकून येतात, बियाणे कंपन्यांचे फिरते प्रतिनिधी येतात, परदेशी जाण्यासाठी परीक्षा देणाऱ्या नर्स मुली येतात. एके वर्षी त्रेसष्ट वर्षांचे एक मोसंबीचे व्यापारी आले. पहिला महिनाभर ते दाराशेजारच्या खुर्चीवरच बसत. ओळखीचे कुणी जिना चढून आले तर सहज उठून जाता यावे, एवढाच उद्देश! मुलगा अमेरिकेत, नातू तिथलाच जन्मलेला, त्याला मराठी येत नाही. आजोबांना इंग्रजीतून व्यापार करायचा नव्हता, कागद लिहायचे नव्हते. त्यांना नातवाला टेलिफोनवर गोष्ट सांगायची होती. ससा आणि कासव. आम्ही ती गोष्ट दीड महिना घोटली. शर्यत जिंकेपर्यंत कासवाने आम्हा दोघांनाही घाम फोडला. एके दिवशी ते आले आणि दाराजवळची खुर्ची सोडून पहिल्या रांगेत बसले. काय झाले हे मी विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही.

मुलाला शिकवणे आणि मोठ्याला शिकवणे यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे. मुलाचे चुकले तर "दहा वेळा लिही" म्हणता येते. मोठ्या माणसाची चूक चारचौघांत दाखवा, तो उद्यापासून येत नाही. आणि येत नाही याचे कारण "घरी पाहुणे होते" असे सांगतो. मूल 'असे का?' विचारत नाही, पाठ करते. मोठा माणूस 'असे का?' कळल्याशिवाय पुढे सरकतच नाही. माझ्या वर्गातला एक कारकून रोज म्हणे, "आय अ‍ॅम हॅविंग टू ब्रदर्स." तुम्ही-आम्ही सगळेच कधी ना कधी हे म्हणालेलो आहोत. हे वाक्य चूक का, हे सांगायला मला व्याकरणाचे पुस्तक काढावे लागले नाही. मी त्याला विचारले, "भाऊ असणे हे काम तुम्ही आत्ता करत आहात का? घटकाभराने थांबवणार आहात का?" तो हसला आणि ते वाक्य कायमचे सुटले.

मराठीत भूक आपल्याला लागते, ताप आपल्याला येतो, राग आपल्याला येतो. आपण बिचारे नुसते बसलेले असतो आणि ही मंडळी बाहेरून येतात. इंग्रजीत माणूस स्वतःच भुकेला असतो, स्वतःच रागावलेला असतो. त्या भाषेत 'द' नावाचा एक अक्षराएवढा प्राणी आहे, त्याच्या तोडीचे मराठीत काहीच नाही, म्हणून तो कुठे घालावा आणि कुठे गाळावा हे आम्हाला जन्मभर उमगत नाही. ज्याने इंग्रजी आईच्या मांडीवर ऐकली त्याला हे वळण वळणच वाटत नाही. मी त्या रस्त्यावर प्रत्येक वळणाला चुकलेली आहे, म्हणून दुसरा कुठे चुकणार हे मला आधी दिसते. माझ्याजवळ विकायला एवढाच माल आहे, आणि तो खरा आहे असे माझे ठाम मत आहे.

आता तुम्ही म्हणाल, जालन्याचा आणि इंग्रजीचा संबंध तरी काय? संबंध जुना आहे, पण गोड नाही. जालना जिल्ह्यात असई नावाचे गाव आहे. २३ सप्टेंबर १८०३ रोजी तिथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि भोसले यांच्या फौजांचा पराभव केला. म्हणजे आमच्या जिल्ह्यात इंग्रजी आली ती तोफेच्या तोंडून! पुढे छावणी पडली खरी, पण राज्य निजामाचे राहिले आणि शाळा-कचेऱ्यांत उर्दू चालली. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ निघाले ते उर्दू माध्यमाचे. इंग्रजी तिथे सक्तीचा विषय म्हणून होती. माझे आजोबा घरी मराठी बोलत, शाळेत उर्दू शिकले आणि इंग्रजी त्यांनी तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर एकट्याने गिरवली. सप्टेंबर १९४८ मध्ये निजामाचे राज्य गेले, उर्दू मागे पडली, पण तर्खडकरांची ती फाटकी पुस्तके घरात राहिली. मी पाचवीत अंबडच्या शाळेत एबीसीडी शिकले तेव्हा तीच हाताशी होती. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी आली ती २००० साली.

भारतीय मास्तर परदेशी इंग्रजी शिकवायला गेला, ही गोष्टही काही माझ्यापासून सुरू होत नाही. हैले सेलासी बादशहाच्या काळात इथिओपियाच्या शाळांत भारतीय शिक्षक मोठ्या संख्येने गेले. त्यांत आपला एक मराठी कवीही होता. दिलीप चित्रे १९६० साली, लग्न नुकतेच झालेले असताना, पत्नीसह इथिओपियाला गेले आणि १९६३ पर्यंत तिथे शिक्षकी करून परतले. वय अवघे बावीसच्या आसपास. त्यांच्या कवितेवर लिहिणारे पुष्कळ आहेत, पण त्या तीन वर्षांतल्या मास्तरकीकडे फारसे कुणी वळत नाही. मला मात्र कवीपेक्षा तो तरुण मास्तरच अधिक जवळचा वाटतो. कुठल्या तरी डोंगराळ गावात, फळ्यापाशी उभा राहून, स्वतःची नसलेली भाषा तिसऱ्याच भाषेच्या मुलांना शिकवणारा! १९७४ साली तिथे क्रांती झाली, बादशाही गेली. पुढे नायजेरियात तेलाचा पैसा आला तेव्हा शिक्षकांची रीघ तिकडे लागली. आणि निसीम इझिकेल, मुंबईच्या बेने इस्रायली घरातले, १९६४ साली खुद्द इंग्लंडात लीड्स विद्यापीठात पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले होते. तेव्हा त्यांना कुणी "तुम्ही इथे काय शिकवणार?" असे विचारले असेल का? विचारले असेलही. इंग्रज माणूस सभ्य असतो, मनात विचारतो.

मौज अशी, की चित्रे इथिओपियात शिकवत होते नेमक्या त्याच सुमारास, १९६१ साली, युगांडात मकेरेरे येथे राष्ट्रकुलातल्या इंग्रजी शिक्षणतज्ज्ञांची एक परिषद भरली होती. इंग्रजीचा आदर्श शिक्षक म्हणजे जन्मभाषिक, हा समज त्या परिषदेने पक्का केला. रॉबर्ट फिलिपसन या अभ्यासकाने १९९२ साली आपल्या ग्रंथात या समजाचे वाभाडे काढले आणि तो निव्वळ भ्रम आहे असे मांडले. पण ग्रंथ लिहिला गेला म्हणून व्हिसाचे नियम बदलतात असे थोडेच आहे! दक्षिण कोरियात परकी भाषा शिकवण्याचा जो व्हिसा आहे, तो इंग्रजीसाठी सात देशांच्या नागरिकांना मिळतो: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका. भारताशी झालेला करार २०१० साली अंमलात आला, त्यात भारतीय शिक्षकांसाठी एक खिडकी उघडली. पण ती शाळेतल्या सहायक शिक्षकाची. मोठ्यांच्या वर्गाचा दरवाजा बंदच. काल पदवी घेतलेला बावीस वर्षांचा पोरगा त्या सातांपैकी एका देशाचा असला की आत, आणि सत्तावीस वर्षे खडू झिजवलेली बाई बाहेर. पासपोर्टच्या रंगावर उच्चार ठरतो, ही विद्या आमच्या बी.एड.ला नव्हती.

एका खाजगी संस्थेच्या जाहिरातीत मी पगाराचे दोन रकाने पाहिले. डावीकडे 'जन्मभाषिक', उजवीकडे 'इतर'. काम तेच, तास तेवढेच. उजवा आकडा डाव्याच्या निम्म्याहून थोडा वर. मी अर्ज केला नाही. आमच्या ह्यांचे म्हणणे, तो उजवा आकडासुद्धा इथल्या पगाराच्या दुप्पट होता. हिशेब त्यांचा बरोबर आहे. २०१२-१३ च्या दुष्काळात जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागा वाळल्या, त्यांत आमचीही गेली. नवी झाडे लावायची, ती फळाला येईपर्यंत पाच-सहा वर्षे पोसायची, त्यासाठी काढलेले कर्ज अजून पुरते फिटलेले नाही. धाकट्याचे कॉलेज आहे. हे सारे मला कळते. तरीही त्या उजव्या रकान्यात नाव लिहायला हात धजला नाही. एकदा का त्या रकान्यात शिरले, की वर्गात फळ्यासमोरही मी उजव्या रकान्यातलीच राहणार.

पण जगात सगळेच असे नाही, आणि याचा पुरावा आमच्या जुन्या राजधानीतच आहे. १९५८ साली हैदराबादेत केंद्रीय इंग्रजी संस्था निघाली; आज ते इंग्रजी व परकीय भाषांचे विद्यापीठ आहे. १९६४ साली भारत सरकारने परदेशांशी तांत्रिक सहकार्याची जी योजना सुरू केली, तिच्यातून आशिया-आफ्रिकेतले सरकारी अधिकारी तिथे इंग्रजी शिकायला येत आले आहेत. म्हणजे चाळिशीतली, बायका-मुले मागे ठेवून आलेली माणसे. त्यांना शिकवणारे कोण? आपलेच भारतीय प्राध्यापक! कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम या देशांत भारताने इंग्रजी प्रशिक्षणाची केंद्रे उभारून दिली, त्यांतही या संस्थेचा वाटा होता. सरकारे आपला माल ओळखतात, जाहिरातवाले ओळखत नाहीत.

आमच्यासारख्यांना त्यातल्या त्यात उघडा रस्ता आखाताचा. ओमान, सौदी इथल्या विद्यापीठांत पदवीआधी एक पायाभूत वर्ष असते, त्यात अठरा-वीस वर्षांच्या मुला-मुलींना इंग्रजी पक्की करून घ्यावी लागते. तिथे एम.ए. आणि अनुभव यांना किंमत आहे, आणि भारतीय प्राध्यापक तिथे पूर्वीपासून आहेत. मात्र बी.एड. म्हणजे शाळेचे प्रशिक्षण. मोठ्यांना शिकवण्याचा म्हणून जो दाखला जगभर मागतात तो 'सेल्टा'. १९६२ साली लंडनमध्ये जॉन हेक्राफ्ट यांनी दोन आठवड्यांचा एक वर्ग सुरू केला, त्याचे हे आजचे रूप, आता केंब्रिजच्या नावाने. एकशे वीस तासांचा अभ्यास आणि त्यात सहा तास खऱ्याखुऱ्या प्रौढ विद्यार्थ्यांना परीक्षकासमोर शिकवणे. खर्च लाखाच्या पुढे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत मी तो घरी बसून, संगणकाच्या पडद्यावरून पुरा केला. दुपारी ऊन बेचाळीस अंशांवर, पंखा बंद, कारण त्याचा आवाज तिकडे ऐकू जातो!

त्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असा, की शिक्षकाने कमी बोलावे आणि विद्यार्थ्याला बोलू द्यावे. साठ मुलांच्या वर्गात सत्तावीस वर्षे घसा ताणलेल्या बाईला हे सांगणे म्हणजे गवयाला गप्प बसून मैफल कर म्हणण्यासारखे. पण जमले. पडद्यावर एक अरबी बोलणारे गृहस्थ होते. अरबीत 'प' नाही, म्हणून ते 'पार्किंग'ला 'बार्किंग' म्हणत. म्हणजे गाडी उभी करायच्या जागी कुत्रे भुंकू लागे. मी त्यांना ओठांसमोर कागदाचा कपटा धरायला सांगितले. 'प' म्हटला की कपटा हलला पाहिजे, 'ब'ला हलता कामा नये. आपल्या बाराखडीत प, फ, ब, भ, म एका ओळीत का बसवले आहेत हे ज्याला ठाऊक आहे, त्याला ही युक्ती सुचायला केंब्रिज लागत नाही. आणखी एक सांगायचे तर, इंग्रजीला 'फ'सारखा जोरकस 'प' हवा असतो, आपला मराठी 'प' त्यांना पुरत नाही. तेव्हा कपटा मी आधी स्वतःच्या ओठांसमोर धरून पाहिला होता.

दाखला मिळाला, आणि मग कागदपत्रांचे पुराण सुरू झाले. मी जन्मले १९७४ साली अंबडला. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. म्हणून माझ्या जन्माच्या दाखल्यावर जिल्हा औरंगाबाद. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर मराठवाडा विद्यापीठ. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला, म्हणून शेवटच्या वर्षाच्या गुणपत्रिकेवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. ते विद्यापीठ तेव्हा औरंगाबादेत होते, २०२३ पासून ते छत्रपती संभाजीनगरात आहे, जागा तीच. पदवी माहेरच्या नावाची, नोकरी सासरच्या नावाची. मी पन्नास वर्षांत अंबडहून जालन्याला, म्हणजे हाकेच्या अंतरावर आले. कागद वाचणाऱ्या परक्या कारकुनाला मात्र दोन बायका दोन जिल्ह्यांत, दोन विद्यापीठांत शिकताना दिसतात. यासाठी प्रतिज्ञापत्रे करावी लागली. भारत २००५ साली हेग करारात आला, त्यामुळे करारातल्या देशांसाठी परराष्ट्र खात्याचा एकच शिक्का चालतो, एवढे तरी सुख. नाहीतर दूतावासाच्या पायऱ्या वेगळ्या झिजवाव्या लागतात.

दरम्यान मुंबईच्या एका एजंटाचा फोन आला. नोकरी पक्की, दीड लाख भरा, आधी टुरिस्ट व्हिसावर चला, मग तिकडे 'बघू'. हे 'बघू' फार घातक असते. माझ्या वाचकांपैकी कुणाचा मुलगा-मुलगी या वाटेवर असेल तर सांगून ठेवते: एजंट परराष्ट्र खात्याकडे नोंदलेला आहे की नाही हे ई-मायग्रेटच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि नोंदलेल्या एजंटालाही कायद्याने तीस हजार रुपये अधिक जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. मी हे त्या गृहस्थांना सांगितले. फोन लगेच कट झाला. इंग्रजीत म्हणतात तसे त्यांनी 'गुडबाय'ही म्हटले नाही.

घरात खरी खडाजंगी झाली ती पैशावरून नव्हे. सासरे चौऱ्याऐंशीचे आहेत, रोज वर्तमानपत्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात आणि विसरत काही नाहीत. त्यांनी मला लिबिया ऐकवला. तिथल्या विद्यापीठांतही आपले अध्यापक शिकवत होते. २०११ च्या यादवीत तिथून पंधरा हजारांवर भारतीयांना परत आणावे लागले. तरी काही जण राहिले, काही पुन्हा गेले. जुलै २०१५ मध्ये सिर्त विद्यापीठात काम करणाऱ्या चौघा भारतीयांना अतिरेक्यांनी पळवले. दोघे लवकर सुटले, दोघांना सुटायला सप्टेंबर २०१६ उजाडला. त्याच २०१५ साली येमेनमधून आपल्या साडेचार हजारांवर माणसांना जहाजांनी आणि विमानांनी काढावे लागले. "सूनबाई, ही माणसं पुन्हा का गेली?" सासऱ्यांनी विचारले. मी म्हणाले, "बाबा, पगारासाठी." ते म्हणाले, "नुसत्या पगारासाठी नव्हे. तिकडं त्यांना प्रोफेसर म्हणत असतील." मला पुढे बोलता आले नाही. म्हातारा माणूस कुठे बोट ठेवील सांगता येत नाही.

अखेर तोडगा निघाला तो असा. ओमानखेरीज दुसरीकडे अर्ज करायचा नाही. करारपत्र हाती पडल्यावाचून राजीनामा द्यायचा नाही. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना जुने निवृत्तिवेतन आहे, आणि वीस वर्षे सेवा झालेल्याला तीन महिन्यांची नोटीस देऊन स्वेच्छानिवृत्ती घेता येते. तेव्हा पेन्शन बुडत नाही. जायचे ते दोन वर्षांसाठी. कर्ज फिटेल, धाकट्याचे शिक्षण होईल. ह्यांनी बागेचे आणि बाबांचे पाहायचे. ह्यांना स्वयंपाकात पिठल्यापलीकडे काही येत नाही, पण बाबांना पिठले आवडते.

माडीवरच्या वर्गाचे काय, हा प्रश्न मात्र सुटला नव्हता. तो त्या 'हॅविंग टू ब्रदर्स'वाल्या कारकुनाने सोडवला. तो आता कारखान्यात निर्यातीचा पत्रव्यवहार पाहतो. म्हणाला, "मॅडम, नवशिक्यांचा वर्ग मी घेतो. त्यांच्या चुका मला सगळ्या येतात." गेल्या आठवड्यापासून तो सोमवारी आणि गुरुवारी शिकवतो आहे, मी मागच्या बाकावर बसते. आवाज थोडा मोठा लावतो, बाकी बरा आहे.

माझी मुलाखत दिवाळीनंतरच्या सोमवारी ठरली आहे. आमच्याकडे दुपारचा दीड, तिकडे बारा. पडद्यावर वीस मिनिटांचा नमुना धडा घ्यायचा आहे, विषय माझ्यावर सोडला आहे. मी 'द' घेतला आहे. धाकट्याने इन्व्हर्टरची बॅटरी बदलून आणली, आणि त्या दिवशी दुपारी गल्लीत उरलेसुरले फटाके वाजवायचे नाहीत, असे शेजारच्या काकूंनी पोरांना बजावून ठेवले आहे.